गणपतीच्या बॅनरसाठी एआय प्लॅन घेताना
मंडळाचे बॅनर, लक्ष्मी रोडवरच्या दुकानांच्या जाहिराती एआयवर करायच्या तर चित्रं नाही, प्रयत्न मोजा. एका पसंत पडलेल्या चित्रामागे पंधरा-वीस प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेल्या सूचना) सहज जातात. मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआयच्या १० डॉलरच्या बेसिक प्लॅनमध्ये महिन्याला ३.३ तास फास्ट वेळ, म्हणजे रांगेत न थांबता चित्रं बनवायचा वेळ, मिळतो. प्रॉम्प्टला मिनिटभर धरलं तर साधारण २०० प्रॉम्प्ट. म्हणजे दहा-बारा बॅनर, बस्स! ३० डॉलरच्या स्टँडर्डमध्ये १५ तास, शिवाय रिलॅक्स मोड अमर्याद, फक्त रांगेत थांबावं लागतं. उरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत, म्हणून काम गणपतीपुरतंच असेल तर वार्षिक सवलतीला भुलू नका. गिऱ्हाइकाचं डिझाइन झाकून ठेवायचं असेल तर त्यासाठीचा स्टेल्थ मोड ६० डॉलरच्या प्रो प्लॅनपासूनच मिळतो. चित्रातला ‘श्री’ मात्र मोडकाच येतो. मजकूर नंतर वेगळा टाका.