एडिसनला राहायला आलात? मग गावच्या कारभारात असं शिरा

न्यू जर्सीतलं एडिसन म्हणजे नुसती ओक ट्री रोडवरची किराणा दुकानं नव्हेत हो. आधी ख्रिस्टी स्ट्रीटला चक्कर मारा, तिथे मेन्लो पार्कला थॉमस एडिसनने १८७६ ला लॅब टाकली नि १८७९ ला विजेचा दिवा पेटवला, आता टॉवर आणि छोटंसं म्युझियम आहे. गावाचं नाव तेव्हा रॅरिटन टाउनशिप होतं, एडिसन झालं थेट १९५४ ला.

मग कौन्सिलची मीटिंग गाठा. सात मेंबर, मेयर वेगळा निवडून येतो. अजेंडा आधी वाचून जा, पब्लिक कमेंटची वेळ आली की माईकवर नाव-पत्ता सांगून सरळ मुद्द्यावर या, पाल्हाळ लावलंत तर वेळ संपते. मतदानाला सिटीझनशिप लागते, बोलायला नाही, तरी आपली मंडळी मागेच बसतात!

प्रॉपर्टी टॅक्समधला मोठा वाटा शाळांना जातो पण शाळांचं बोर्ड वेगळं, त्यामुळे स्कूलबसचं गाऱ्हाणं कौन्सिलपुढे मांडून उपयोग नाही.

गावचा सरकारी कागद हवाय? टाउनशिप क्लार्ककडे, म्हणजे गावची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ओप्राचा अर्ज टाका; ओप्रा म्हणजे सरकारी कागद मागायचा न्यू जर्सीचा कायदा, आपल्या माहिती अधिकारासारखाच, साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फक्त कुठला कागद, कुठल्या तारखेचा ते नीट लिहा.