कोल्हापुरातून क्रूझला निघताय? मग बंदरावरच्या बसचा हिशोब आधी मांडा

क्रूझ म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न केबिनचा आणि दुसरा जेवणाचा. बाल्कनी आहे का, व्हेजचं वेगळं मिळतं का. खरं तर आधी विचारायला पाहिजे ते हे, की जहाज कुठल्या बंदराला किती तास थांबणार आणि बंदरापासून बघायचं गाव किती लांब आहे. जहाजावरचे दिवस खात-पीत मजेत जातातच. पैसे वसूल होतात की वाया जातात, ते खाली उतरल्यावर बसमध्ये ठरतं.

मार्ग आधी, जहाज नंतर

मुंबई-गोवा क्रूझ आपल्यासाठी सरळसरळ द्राविडी प्राणायाम. गगनबावडा नाहीतर आंबोली घाट उतरून जेवायच्या वेळेला पणजी गाठणाऱ्या माणसानं रात्रभर रेल्वेनं मुंबईला जायचं आणि तिथून जहाजानं गोव्याला यायचं! जहाजाची नुसती हौस असेल तर दोन-तीन रात्रींची ही सहल ठीक. पण बंदर बघायचं असेल तर कोचीपर्यंत जाणारी निवडा. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या फेऱ्या मुंबईहून २०२१ पासून सुरू आहेत, त्यांत गोवा, कोची, लक्षद्वीप असे वेगवेगळे मार्ग असतात. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा बेत दिवाळीनंतरचाच आखा. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि बेटावर छोट्या बोटीतून उतरावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

परदेशात पहिल्यांदा जाणाऱ्याला सिंगापूरहून निघणारी क्रूझ सोपी पडते. मात्र जहाज मलेशिया, थायलंड करून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. व्हिसा काढताना हे एजंटाकडून पक्कं करून घ्या. युरोपातही तेच: मधल्या बंदरात शेंगेनबाहेर (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाणार असाल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली पाहिजे.

बंदराच्या नावाला भुलू नका

जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिव्हिताव्हेकियाला. तिथून रोम साधारण ८० किलोमीटर, म्हणजे आपल्याकडून कराडच्याही थोडं पुढं. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, तेही ९० किलोमीटरच्या आसपास. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक वेळा लाएम चाबांग, तिथून शहरात जायला दोन तास सहज. क्वालालंपूरसाठी पोर्ट क्लांगला उतरावं लागतं. उलट पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या काठाला लागतं, बाहेर पडलं की गावच. अथेन्सचं पिरेयस बंदरही जवळच.

आता गणित करा. जहाज आठ तास थांबणार. त्यातला उतरायला एक, जाऊन-येऊन चार आणि जहाज सुटण्याआधी परतायचा एक तास वजा केला तर हातात दोन तास उरतात. दोन तासांत रोम? मी तरी जाणार नाही, बंदराच्याच गावात निवांत फिरेन.

बस कुठली घ्यायची?

लांबच्या बंदराला जहाजाचीच सहल घ्या, महाग असली तरी. त्यांची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी ते घेतात. तुम्ही स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला, तर जहाज कुणासाठी खोळंबत नाही. पुढच्या बंदराचं विमान स्वखर्चानं.

जवळच्या बंदराला हा खर्च करायची गरज नाही. चार-पाच जण असाल तर बाहेरची गाडी स्वस्त पडते. मोठ्या शहरांत पर्यटकांसाठीची हॉप-ऑन बस असते, एका तिकिटात कुठंही उतरा, पुढच्या बसनं पुढं जा. पण बसायच्या आधी एकच विचारा: परतीची शेवटची बस कधी?

कोचीला आम्ही बसची सहल घेतली होती. जहाज विलिंग्डन बेटाला लागतं, तिथून फोर्ट कोची जवळ. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, ती जागा दाखवतात. पुढं त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मग मासेमारीची चिनी जाळी, मट्टनचेरीचा राजवाडा आणि शेवटी १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. हे शनिवारी बंद असतं, तेव्हा जहाज कुठल्या वारी पोचतं ते बघूनच सहल घ्या. गल्ल्या अरुंद, मोठी बस लांब उभी राहते आणि शेवटचा टप्पा चालतच करावा लागतो.

तिथंच आमचे मामा वेलदोडे घ्यायला मागं राहिले. दुकानदाराशी भाव करता करता पाव किलोचे अर्धा किलो झाले, आणि बाहेर येऊन बघतात तर एकसारख्या पांढऱ्या सात बस. कुठल्या बसमध्ये बसायचं? छातीवर चिकटवलेला बसच्या नंबराचा कागद घामानं केव्हाच गळून पडलेला. पाचव्या बसच्या दारातून मामींनी हाक मारली, “अवो, हिकडं!” तोवर आख्खी बस वीस मिनिटं ताटकळत होती. तेव्हापासून आमचा नियम झाला: बसमधून उतरलं की आधी नंबरप्लेटचा फोटो, मग बाकीचे फोटो.

घड्याळ जहाजाचं पाळा

यात शिकलेली माणसंही फसतात. समजा जहाज सिंगापूरची वेळ पाळतंय आणि फुकेतला लागलंय. थायलंडचं घड्याळ एक तास मागं. तुमचा मोबाइल किनाऱ्यावर आपोआप थायलंडची वेळ दाखवतो. परतायची वेळ जहाजाच्या पाचची, मोबाइलमध्ये चार वाजलेत, तुम्ही शहाळं पिताय, आणि जहाजावर पाच वाजून गेलेत. म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि हात लावू नका. समुद्रात मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल दणका देतं.

निघताना आणि परतताना

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. क्रूझ सुटते तो बॅलार्ड पियर धक्का तिथून टॅक्सीनं काही मिनिटांवर. आलेपाक बरोबर घ्या. बस लागणाऱ्यांना जहाजही लागतं, त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी आणि गोळी डॉक्टरांना विचारून मळमळायच्या आधीच घ्यावी. इस्त्री, किटली घरीच ठेवा, तपासणीत काढून घेतात.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या टर्मिनलवर मिळतात. औषधं, कागदपत्रं आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. उतरायला रांगा असतात, म्हणून सकाळची कोयना एक्सप्रेस गाठायच्या भानगडीत पडू नका, रात्रीच्या महालक्ष्मीचंच तिकीट काढा.