विममध्ये 'एंड' आपोआप लागेल असं करा

रुबी या प्रोग्रामिंग भाषेत डेफ, इफ असे भाग 'एंड' लिहून बंद करावे लागतात. रुबीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये असा एक 'एंड' राहून गेला की एरर फक्त फाइलच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवायची, आणि चूक असायची वर कुठेतरी. आमच्याकडे तेव्हा रुबी 2.7 होतं. बिलिंगच्या चारशे ओळींच्या फाइलमध्ये असा एक एंड शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. त्याच रात्री विम या टेक्स्ट एडिटरमध्ये टिम पोप यांचं एंडवाइज प्लगइन बसवलं; एंटर दाबलं की ते एंड स्वतःच लिहितं. आता टीममध्ये कोणी नवीन आलं की पहिल्याच दिवशी शेजारी बसून मी ते बसवून देते.

विम 8 किंवा त्यापुढचं असेल तर प्लगइन मॅनेजरही लागत नाही. होम फोल्डरमधल्या 'डॉट विम' फोल्डरात 'पॅक' करा, त्यात हव्या त्या नावाचं एक फोल्डर आणि त्याच्या आत 'स्टार्ट'. तिथे जाऊन गिटहबवरचं विम-एंडवाइज क्लोन करा आणि विम पुन्हा उघडा.

विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन' आणि 'सिंटॅक्स ऑन' या ओळी आहेत ना, ते बघा. दुसरी बऱ्याचदा राहून जाते. समोरचा शब्द खरा कीवर्ड आहे की कमेंटमधला, हे एंडवाइज सिंटॅक्सवरूनच ओळखतं. तो बंद असेल तर एंड येणारच नाही.

आता रुबीच्या फाइलमध्ये 'डेफ टोटल' लिहून एंटर दाबा. कर्सर आत सरकून थांबतो आणि खाली, डेफच्या बरोबर रेषेत, एंड उभा असतो. मग 'रिटर्न इफ पेड' लिहून एंटर दाबा. इथे एंड नकोय, आणि तो येतही नाही. मला हे प्लगइन आवडलं ते इथे.

शेल स्क्रिप्टमध्ये 'इफ'वर काही होत नाही. 'देन' लिहून एंटर दाबलं की 'फाय' येतं. 'केस'ला 'एसॅक', 'डू'ला 'डन'. फाय आणि एसॅक हे मूळ शब्द उलटे लिहून झालेत. डू उलटं केलं तर 'ओडी' होतं, पण त्या नावाची कमांड युनिक्समध्ये आधीपासून होती, म्हणून डन.

अडचण येते ती एंटरवरून. ऑटोकम्प्लीटचं प्लगइनही तीच की घेऊन बसलं असेल तर एंड येत नाही. 'व्हर्बोज आयमॅप' आणि पुढे कोनी कंसात 'सीआर' अशी कमांड द्या; एंटरचं मॅपिंग शेवटचं कोणत्या फाइलने केलं ते कळतं. माझ्याकडे हेच झालं होतं. मी ऑटोकम्प्लीटच्या यादीतला शब्द कंट्रोल-वायने निवडायला लागले, विमची स्वतःची की तीच आहे, आणि एंटर एंडवाइजसाठी मोकळा ठेवला.

जुन्या फाइलमधला राहिलेला एंड मात्र हे प्लगइन भरत नाही. त्यासाठी टर्मिनलमध्ये 'रुबी', डॅश 'डब्ल्यूसी' आणि फाइलचं नाव द्या. इंडेंट नीट असेल तर कोणता एंड कोणत्या ओळीवरच्या डेफशी जुळत नाही, ते ओळ क्रमांकासकट समोर येतं.