एअरबॅगचा दिवा विझत नाहीये? स्कॅन बिनधास्त करा, पिवळ्या कनेक्टरला मात्र असा तसा हात लावू नका

एअरबॅगचा दिवा लागून राहिला की लोक एकतर महिनोन् महिने तशीच गाडी चालवतात नाहीतर सरळ वायरी उपसायला घेतात, आणि दोन्ही चूक आहे. दिवा पेटून राहिलाय म्हणजे मॉड्यूलला (एअरबॅग सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटला) कुठल्यातरी सर्किटमधे गडबड दिसलीये आणि धडक बसली तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. नुसते स्कॅनरने मॉड्यूलमधले फॉल्टचे कोड वाचल्याने एअरबॅग फुटत नाही, ती भीती काढून टाका. खरा धोका त्याच्या पुढे, हात आत गेला की.

स्कॅनर बघून घ्या. स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, पी ने सुरू होणारे कोड दाखवतं. एअरबॅगचे कोड सहसा बी ने सुरू होतात, त्यासाठी एसआरएस (म्हणजे एअरबॅगची सिस्टीम) वाचणारा आणि तुमच्या मॉडेलला चालणारा स्कॅनर लागतो. डोंगलने "कोड नाही" म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका, त्याने त्या मॉड्यूलला विचारलेलंच नसतं.

बॅटरी चांगली चार्ज हवी, व्होल्टेज पडलं की नसलेले फॉल्ट पण दिसतात. इग्निशन बंद असताना स्टीअरिंगखालच्या 16 पिनच्या पोर्टला स्कॅनर लावा, मग इग्निशन ऑन, इंजिन बंदच ठेवा, आणि एसआरएस मधे जाऊन कोड वाचा. लगेच क्लिअर दाबू नका!! आधी स्क्रीनचा फोटो काढा, कोड आत्ताचा आहे की जुना साठलेला ते बघा, मग क्लिअर करून परत स्कॅन करा. लगेच परत आला तर फॉल्ट अजून तिथेच आहे. अ‍ॅक्च्युएटर टेस्ट (पार्ट चालवून बघणं), कोडिंग (मॉड्यूलची सेटिंग बदलणं) वगैरे मेनूत उगाच शिरू नका.

कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही, आणि इथेच पैसे वाया जातात. माझ्या गाडीत सीटच्या साइड एअरबॅगला हाय रेझिस्टन्सचा कोड यायचा, क्लिअर केला की जायचा आणि सीट मागेपुढे सरकवली की परत हजर. टॉर्च घेऊन सीटखाली बघितलं तर पिवळा कनेक्टर (एअरबॅगच्या वायरीचा जोड) अर्धवट बाहेर आलेला, लॉकची चाप वर उचललेली. बोटाने दाबला असता तर बसला असता, पण तसं करायचं नाही. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि मॅन्युअलमधे दिलाय तेवढा वेळ थांबायचं, काही गाड्यांत 1 ते 3 मिनिटं तर काहींत 10 किंवा जास्त, मगच कनेक्टरला हात लावायचा. कारण बॅटरी काढली तरी मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमधे एअरबॅग उडवण्याइतका चार्ज शिल्लक असतो. बॅटरी परत जोडताना आत कोणी बसू नये.

एअरबॅगचा कोड आहे आणि हॉर्न किंवा स्टीअरिंगवरची बटणंही बंद पडलीत तर संशय क्लॉकस्प्रिंगवर घ्या, म्हणजे स्टीअरिंगबरोबर फिरणारी ती रिबनसारखी केबल. हे काम माहीतगार मेकॅनिककडेच द्या.

आणि मल्टीमीटर एअरबॅगला किंवा सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरला (धडकेत पट्टा झटक्यात ताणून धरणारा भाग) कधीच, कधीच लावायचा नाही, रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो आणि तेवढ्यानेही आतला इग्नायटर पेटू शकतो. प्रीटेन्शनरमधेही स्फोटक असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

क्रॅश डेटाचा (म्हणजे धडकेची नोंद मॉड्यूलमधे साठल्याचा) कोड आला तर तो साध्या क्लिअरने सहसा जात नाही, मॉड्यूल बदलणं हाच खात्रीचा उपाय.

जुनी गाडी घेताना अजून एक बघा, इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, अशी गाडी एसआरएस स्कॅन केल्याशिवाय घेऊ नका.