तंबोरा प्रवासाला नेताना

गवसणी, म्हणजे कापडी खोळ, चढवली की तंबोरा बांधून झाला, असं समजणारे पुष्कळ भेटतात. गवसणी धूळ अडवते, ओरखडे वाचवते. आदळआपट झाली तर तिचा काडीचा उपयोग नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसणार असाल तर गवसणी पुरे. सामान दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर कडक पेटीच हवी.

आधी तारा. कुणी म्हणतं सगळ्या सोडा, कुणी म्हणतं हात लावू नका. मी दोन-तीन सूर उतरवते आणि थांबते. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो आधार, तबली म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण. बहुतेक तंबोऱ्यांची घोडी तारांच्या दाबानेच तबलीवर उभी असते. तारा पूर्ण सैल केल्या तर ती सरकते, जवारीचे दोरे (झंकार खुलवायला घोडीवर तारांखाली घातलेले) निसटतात आणि मुक्कामाला पोचल्यावर सगळी जमवाजमव पुन्हा करावी लागते. तरीही घोडी हलू शकते, म्हणून तिच्या पायांभोवती मऊ पेन्सिलीने अगदी फिकट खूण करून ठेवते. मग घोडीवरून भोपळ्याभोवती रुंद सुती पट्टी बांधते, ताण न देता.

आता खरं काम: भोपळा. तो वाळलेल्या फळाचं कवच आहे. सगळीकडून सारखा आधार मिळाला तर बराच भार सोसतो. एका ठिकाणी टोकदार दाब आला की तडकतो. म्हणून त्याच्याखाली एकच जाड उशी देऊ नका, आकाराप्रमाणे कापलेला फोम चहूबाजूंनी द्या. दांडीलाही मध्ये आणि वरच्या टोकाकडे आधार हवा. नाहीतर पेटी आडवी आपटली की खुंट्यांकडचं टोक झोका घेतं आणि सगळा हिसका दांडी-भोपळ्याच्या सांध्यावर येतो. मोडतो तो बहुधा तिथेच.

खुंट्यांचं म्हणाल तर बाजूच्या दोघींकडे सगळ्यांचं लक्ष असतं. समोरच्या दोन मात्र झाकण लावताना दाबल्या जातात आणि आत रुतून भोकाशी लाकूड चिरतं. तिथला फोम कोरून टाका. खुंटीच्या डोक्याला काहीच टेकता कामा नये.

प्लॅस्टिकचे फुग्यांचे कागद थेट पॉलिशवर गुंडाळू नका, उन्हात तापले की डाग उठतात. आत सुती कापड, बाहेर काय हवं ते. सूर बारीक जुळवायचे सुटे मणी, जादा तारा, श्रुतिपेटी यांतलं काहीही तंबोऱ्याच्या पेटीत नको. (पेटीत मोकळी जागा दिसली की लोकांना शाली, चपला, सगळं सुचतं.) शेवटी पेटी बंद करून हळूच हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा उघडा.

विमानाने जाणार असाल तर आणखी दोन गोष्टी. जुन्या वाद्याची घोडी किंवा नक्षी हस्तिदंती असेल तर आंतरराष्ट्रीय सीमेवर साइट्स (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराखालचे परवाने लागतात. त्याची चौकशी तिकीट काढण्याआधी करा. आणि निघताना तबली, सांधा, भोपळ्याची पाठ यांचे फोटो काढून ठेवा. 1999 च्या माँट्रियल कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून 7 दिवसांत द्यावी लागते. मी तर पेटी विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशीच तपासते आणि बाहेरून कुठे पिचलेली दिसली तर तिथेच लिहून देते.

पेटी धड असेल तर मात्र उघडायची घाई नको. थंडीतून गरम खोलीत आणलेल्या वाद्यावर दव धरतं, म्हणून काही तास ती बंदच राहू द्या. मग पट्टी सोडा, घोडी खुणेवर आहे ना पाहा आणि चारही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने चढवा. एकच तार एकदम सुरात आणली तर घोडी तिरकी होते. जवारीच्या दोऱ्यांना हात सगळ्यात शेवटी, तारा स्थिरावल्यावर.