दुमजली फ्लॅट्सना ‘टाइप सी’ची सवलत: ऑस्ट्रेलियात ती कशी लावायची

दुमजली फ्लॅटची इमारत, म्हणजे क्लास २, ऑस्ट्रेलियात एरवी टाइप बी मध्ये मोडते. (टाइप ए, बी, सी हे आगीला टिकण्यानुसार बांधकामाचे प्रकार; ए सर्वात कडक, सी सर्वात सौम्य.) एनसीसी २०२२ च्या (नॅशनल कन्स्ट्रक्शन कोड, म्हणजे तिथली बांधकाम नियमावली) पहिल्या खंडातलं सी२डी६ कलम लागू झालं, तर तीच इमारत टाइप सी मध्ये बांधता येते. फरक मोठा आहे. टाइप बी ला बाहेरच्या भिंती न जळणाऱ्या साहित्याच्या लागतात. टाइप सी ला लाकडी सांगाडा आणि वर लाकडी फळ्या चालतात. हद्दीपासून १.५ ते ३ मीटरच्या आतल्या भारवाही भिंतीला टाइप बी मध्ये ९०/६०/३० एफआरएल (आगीला टिकण्याची पातळी) लागते, टाइप सी मध्ये काहीच नाही. (आकडे मिनिटांचे: भार पेलणं, ज्वाला अडवणं, उष्णता अडवणं.)

आधी मजले मोजा. भारतात शिकलेल्यांच्या डोक्यात १५ मीटर उंचीची रेषा असते. इथे मजल्यांवर ठरतं. अर्धवट जमिनीत गेलेल्या पार्किंगच्या छताची खालची बाजू बाहेरच्या भिंतीलगतच्या जमिनीच्या सरासरी पातळीपेक्षा १ मीटरहून जास्त वर नसेल, तर तो मजला धरत नाहीत. भिंत १२ मीटरहून लांब असेल तर जमीन सर्वात खाली असलेल्या १२ मीटरचीच सरासरी घ्यायची. उताराच्या प्लॉटवर लोक पूर्ण भिंतीची सरासरी काढतात, आणि प्रत्यक्षात इमारत तीन मजली, म्हणजे टाइप ए निघते.

मग सी२डी६ ची अट तपासा: प्रत्येक युनिटला दोन एक्झिट हवेत, किंवा थेट रस्त्यावर अथवा मोकळ्या जागेत उघडणारा स्वतःचा मार्ग. वरच्या चार फ्लॅट्सना एकच सामाईक जिना असेल तर सवलत गेली. वरच्या प्रत्येक फ्लॅटला खाली बाहेर उतरणारा स्वतःचा जिना देणं हा सरळ उपाय. पण तो पहिल्याच प्लॅनमध्ये बसवावा लागतो.

सवलत मिळाली तरी काही गोष्टी सुटत नाहीत. हद्दीपासून १.५ मीटरच्या आतली भिंत ९०/९०/९०, मात्र आग बाहेरून लागली असं धरून. दोन फ्लॅट्समधला मजला ३०/३०/३०, नाहीतर खालून, तुळयांसकट, १३ मिमी फायर-ग्रेड प्लास्टरबोर्ड. कॉरिडॉरकडचं दार आपोआप बंद होणारं, घट्ट बसणारं, ३५ मिमी भरीव.

सर्वात जास्त घोळ होतो तो दोन युनिट्सच्या मधल्या ६०/६०/६० भिंतीत. ती सीलिंगपाशी थांबवून चालत नाही. एकतर सीलिंगच ६० मिनिटं आग वर पसरू न देणारं हवं, किंवा भिंत थेट न जळणाऱ्या छपराच्या पत्र्या-कौलांपर्यंत न्यायची. तिच्यावरून फक्त ७५ × ५० मिमी किंवा त्याहून लहान बॅटन्स (छपराखालच्या आडव्या पट्ट्या) आणि सार्किंग (छपराखाली अंथरलेला पातळ थर) जाऊ शकतं. ट्रसची पट्टी किंवा आढं आरपार गेलं की आग त्याच्याच वाटेने शेजारी पोचते. म्हणून सीलिंग लावण्याआधी अटारीत चढून भिंतीचा माथा टॉर्चने पाहा, फोटो काढा आणि बिल्डिंग सर्व्हेयरला (बांधकाम नियमांप्रमाणे आहे का हे तपासणाऱ्याला) द्या.