‘सरिअल’ म्हणताय? मग या चुका टाळा

हल्ली कोणीही कशालाही सरिअल (इंग्रजीतलं surreal) म्हणतं. लोणावळ्याचं धुकं सरिअल, लग्नातलं डेकोरेशन सरिअल, उद्या मिसळीच्या फोटोखाली ‘सरिअल टेस्ट’ दिसलं तरी नवल नाही. मिसळ झणझणीत असते बाबांनो, सरिअल वाटायला लागली तर डॉक्टरला दाखवा.

सगळ्यात मोठी चूक हीच की सरिअल म्हणजे ‘लय भारी’ असं धरून चालणं. या शब्दात कौतुक नाहीये. समोरची गोष्ट खरी आहे हे पक्कं माहितीये पण डोकं काही ते मानायला तयार नाही, आपण झोपेत तर नाही ना असं वाटतं, तो फील म्हणजे सरिअल. एप्रिल २०२० मधलं दादर स्टेशन आठवा, लोकल बंद, पूल तोच, जिने तेच आणि ऐन गर्दीच्या वेळेला माणूस नाही. म्हणूनच ‘स्वप्नवत’ हा शब्द इथे नेहमी बसत नाही, आपलं स्वप्नवत कायम गोडगोड असतं. मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीने २०१६ चा वर्षाचा शब्द म्हणून सरिअल निवडला होता आणि त्या वर्षी लोकांनी तो शोधला कधी, तर ब्रसेल्समधले बॉम्बस्फोट, तुर्कस्तानातला बंडाचा प्रयत्न, अमेरिकेतली निवडणूक अशा वेळी. यात सनसेट कुठेच नव्हता.

दुसरं म्हणजे सरिअल आणि अनरिअल एकच समजू नका. शब्द मूळचा फ्रेंच आणि फ्रेंचमध्ये ‘सूर’ म्हणजे वर, पलीकडे. म्हणजे वास्तव नाकारलेलं नाही, त्याच्या पलीकडे गेलेलं. आता यावरून नाव पडलेली कलेतली चळवळ म्हणजे सरिअलिझम, मराठीत आपण तिला अतिवास्तववाद म्हणतो आणि तिथे अजून एक घोळ होतो, कारण ‘अति’ वाचून लोकांना वाटतं की हुबेहूब फोटोसारखं काढलेलं चित्र असणार. ते वेगळं, त्याला हायपररिअलिझम म्हणतात.

शब्द कोणी काढला विचारलं की दहातले नऊ जण चित्रकार साल्वादोर दालीचं नाव घेतील. साफ चूक. दाली या चळवळीच्या गटात आला १९२९ मध्ये, शब्द त्याच्या बारा वर्षं आधीचा. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना पॅरिसमध्ये ‘परेड’ नावाचा बॅले झाला, कपडे आणि पडदे पिकासोचे, संगीत एरिक सातीचं आणि त्या संगीतात चक्क टाइपरायटरची खडखड आणि पिस्तुलाचा बार. त्याच्या माहितीपत्रकात कवी गियोम अपोलिनेरने हा शब्द वापरला आणि पुढच्याच महिन्यात स्वतःच्या नाटकालाही तेच लेबल लावलं. १९१८ मध्ये तो स्पॅनिश फ्लूने गेला. मग १९२४ मध्ये फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतोंने या चळवळीचा जाहीरनामा काढला आणि स्वप्नं, मनोविश्लेषणवाला फ्रॉइड, मनात येईल ते न अडवता लिहिणं हे सगळं या शब्दाला जोडलं. ब्रेतों मेडिकलचा विद्यार्थी, युद्धात मानसिक धक्का बसलेल्या सैनिकांमध्ये काम केलेला, त्यामुळे ही ओढ कुठून आली ते कळतं. म्हणजे स्वप्नाचा वास या शब्दाला मागाहून लागलाय. ‘सरिअल’ हे सुटसुटीत विशेषण तर त्याच्याही नंतर इंग्रजीने पाडून घेतलं.

चित्र कळलं नाही की सरिअल म्हणून मोकळं होणं ही पण नेहमीची चूक. नुसते रंगांचे फराटे म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट. दालीचं ते वितळणाऱ्या घड्याळांचं १९३१ चं चित्र झूम करून बघा, मूळ चित्र ए-फोर कागदापेक्षा थोडंसंच मोठं आहे. मागचे कडे त्याच्या कॅटलोनियातल्या किनाऱ्याचे, एका घड्याळावर मुंग्या आणि सगळं अगदी बारकाईने रंगवलेलं. पण घड्याळं वितळलेली, एक तर फांदीवर ओल्या टॉवेलसारखं लोंबतंय. सगळं इतकं खऱ्यासारखं रंगवलंय म्हणून तर ते लोंबणं खुपतं, नुसती गिचमिड असती तर काहीच वाटलं नसतं.

आणि हो, पोस्ट टाकायच्या आधी स्पेलिंग बघा, नाहीतर ‘लॉकडाऊन एकदम सिरीयल होता’ असं जायचं आणि खाली कोणीतरी विचारणार, कुठल्या चॅनलवर?